चार अर्धे, एक पूर्ण

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी कुहीच्या पलीकडच्या एका गावाला जाऊन आले आणि लिहिते आहे. अंतर म्हणाल तर नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटपासून दोन तासांच्या आतलं. गावाचं नाव सांगणार नाही. सासर आहे, आणि मला तिथे पुन्हा जायचं आहे.

ज्यांनी तीन मुलांना घेऊन एसटीने प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते. ज्यांनी केलाय त्यांना वाचायला वेळ मिळणार नाही.

आधी मुलांची ओळख करून देते. मोठी प्रज्ञा, तेरा वर्षांची. माणसं फार झाली की ती गप्प होते आणि जेवत नाही. ती रुसलेली नसते, तिला थोडी मोकळी जागा हवी असते, एवढंच. मधला सम्यक, दहाचा. पुढे काय होणार हे त्याला आधी सांगितलं तर इतकं शहाणं पोर शोधून सापडणार नाही. न सांगता काही बदललं तर तो ओरडतो, हातातलं फेकतो आणि मग बराच वेळ कोणाचा राहत नाही. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी त्याबद्दल एक लांबलचक नाव सांगितलं होतं. ते नाव फाइलमध्ये आहे. त्यांनी सांगितलेली युक्ती मात्र आम्ही घरात आणली: काहीही बदलायचं असेल तर दहा मिनिटं आधी सांगायचं. धाकटी मैत्री सहाची. ती रडते. दुःखाने रडते, आनंदाने रडते, भाजीत मटार निघाले तरी रडते, आणि रडताना तिला कोणाच्या तरी अंगाला चिकटून बसावं लागतं.

तिघांना सारखं वाढव, असं मला सगळे सांगतात. सोसायटीतल्या बायका सांगतात, ऑफिसातले सांगतात, सासरचे तर येताजाता सांगतात. मी सारखं वाढवत नाही. एकीला एकटं सोडते, एकाला सगळं सांगते, एकीला मांडीवर घेते. तिघांनाही मांडीवर घेतलं असतं तर प्रज्ञा गुदमरली असती, आणि तिघांनाही एकटं सोडलं असतं तर मैत्रीच्या रडण्याने शेजारी घर विकून गेले असते. तेव्हा नाही, मी सारखं करत नाही आणि करणारही नाही.

जायचं कारण घरभरणीचं. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही मोठेभाऊ म्हणतो आणि मुलं मोठे बाबा म्हणतात, त्यांनी गावात नवं घर बांधलं. शनिवारी बुद्धवंदना आणि जेवण. पण मोठेभाऊंनी फोन केला तो नुसता बोलावण्यासाठी नव्हता. त्यांच्या ओळखीचे एक सर तालुक्यात निवासी शाळा चालवतात. सम्यकला तिथे ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. "सहा महिन्यात पोरगा सरळ होते," असं ते माझ्या नवऱ्याला, विलासला म्हणाले. सरांनाही रविवारी घरी बोलावलं होतं, पोरगा पाहायला.

मी नाही म्हटलं. विलास म्हणाला, पाहू तरी. नवऱ्याचं 'पाहू तरी' मला चांगलं माहीत आहे. फ्लॅट घेताना असंच म्हणाला होता आणि घरी आला तो टोकन देऊनच.

शुक्रवार, दिघोरी ते गाव

विलासची बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट होती, तो शनिवारी येणार होता. एकटी तिघांना घेऊन नको जाऊ, गाडी करून जा, निदान धाकटीला आईकडे ठेव, असे सल्ले झाले. मी सगळ्यांचे आभार मानले आणि ऑटो करून दिघोरीला गेले.

एसटी आली, बसायला जागा मिळाली. कंडक्टरने विचारलं, किती? मी म्हटलं, चार अर्धे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या घरात पूर्ण तिकीट लागतं ते फक्त विलासला. मुलींचं आणि माझं बाई म्हणून अर्धं, सम्यकचं लहान म्हणून अर्धं. सम्यकने कंडक्टरला विचारलं की बारा वर्षांचा झाल्यावर त्याला पूर्ण लागेल का. कंडक्टर म्हणाला, हाव. तेव्हा तो समाधानाने बसला, कारण हे त्याला दोन वर्षं आधी कळलं होतं.

सम्यकला मी वाटेतले थांबे पाठ करून दिले होते. उमरेड रोडला लागलो तसा तो एकेक मोठ्याने सांगू लागला. पाचगाव. मग कुही फाटा. मग कुही. बस फाट्यावरून आत वळली आणि दोन्ही बाजूंनी शेतं सुरू झाली. धान निघून गेलेल्या बांधीत लाखोळीचं पीक हिरवंगार उठलं होतं, शेताच्या धुऱ्यावर तूर भरली होती. खिडकीतून थंड वारा येत होता आणि त्या वाऱ्याला मिरचीचा वास होता. हा भाग मिरचीचा आहे. थंडीत इकडे येणाऱ्याने रुमाल दोन ठेवावेत.

कुहीला गाडी उभी राहिली आणि निघेना. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. सम्यकने घड्याळ पाहिलं. मी त्याला म्हटलं होतं, कुहीला लगेच सुटते. तसं मला ठाऊक होतं, पण एसटीला ठाऊक नव्हतं. तो आधी पुटपुटला, मग ओरडला, मग समोरच्या सीटच्या दांडीवर हाताने बडवायला लागला. मैत्री रडायला लागली. प्रज्ञा खिडकीकडे तोंड करून दिसेनाशी झाली, म्हणजे बसल्या जागीच.

शेजारच्या बाई भल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कोबी. त्या म्हणाल्या, "एक ठेवून दे ना वं त्याले. लाडावून ठेवलं तुनं."

मी म्हटलं, "मावशी, मारून गाडी सुटत असती तर मी ड्रायव्हरले मारलं असतं."

मागे दोनचार जण हसले. मावशींना राग आला, पण उतरताना त्यांनी मैत्रीच्या हातात पेरू दिला. मैत्रीने ते कोबीचं पिल्लू आहे का म्हणून विचारलं आणि पेरूच आहे कळल्यावर पुन्हा रडली.

कंडक्टर चहा पिऊन आला तेव्हा सम्यक त्याच्यापुढे उभा राहिला आणि किती वेळ थांबणार हे आधी का सांगितलं नाही म्हणून जाब विचारला. कंडक्टर वैतागलेला होताच. "काहून, तू काय डेपो मॅनेजर हाय?" असं म्हणाला. पण पुढच्या थांब्यावर त्याने मागे वळून ओरडून सांगितलं, "ए साहेब, आता दोन मिनिट थांबते." चिडवायला सांगितलं असेल. सम्यकला ते पुरलं. पुढे गाव येईपर्यंत तो शांत बसून होता.

शनिवार, घरभरणी

माझ्या माहेरी उमरेडला पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ, मग विचारपूस. सासरी आधी विचारपूस. पोरगी बोलत काहून नाही, पोरगा असा काहून पाहते, लहानी किती रडते. पाणी त्यानंतर. पण त्या विचारपुशीत कुत्सितपणा नसतो हे मान्य करायला हवं. त्यांच्याकडे माणसाला उघडं करून पाहिल्याशिवाय आपलं म्हणत नाहीत.

सासूबाईंनी पाच मुलं एकाच तऱ्हेने वाढवली, याचा त्यांना अभिमान आहे. घरभरणीसाठी त्यांनी सगळ्या नातवंडांना एकाच ताग्यातल्या पांढऱ्या कापडाचे कपडे शिवून घेतले होते. लाडू द्यायचे तर सगळ्यांना दोन. एकाला खोकला असला तरी दोन. "सगळ्याईले सारखं," हे त्यांचं वाक्य, आणि त्यात माझ्यासाठी टोमणा असतो.

सकाळी विलास आला. मग भंतेजींची वाट पाहणं सुरू झालं. ते यायला उशीर झाला. इथे मला एक गंमत दिसली, तेव्हा तिचं महत्त्व कळलं नाही. मोठेभाऊ अंगणात येरझारा घालत होते. मंडपवाल्यावर ओरडले, भाच्यावर ओरडले, खुर्च्यांची ओळ तीनदा बदलायला लावली. उशीर होणार हे भंतेजींनी कोणाजवळ तरी कळवलं होतं, पण ते मोठेभाऊंपर्यंत कोणी पोचवलंच नव्हतं. सम्यक पायरीवर बसून त्यांच्याकडे एकटक पाहत होता.

वंदना छान झाली. नव्या भिंतींना चुन्याचा वास, पुढ्यात मेणबत्त्या, पन्नासेक माणसांचा एक सूर. प्रज्ञाने सगळे शब्द मनातल्या मनात म्हटले, ओठ हलताना मी पाहिले. त्यानंतर पंगत. आमच्या सासरी पंगतीत बसलं की सगळे उठेपर्यंत कोणी उठायचं नाही. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वरून काळपट, आत मऊ. नागपुरात लोक हॉटेलात पैसे देऊन हे खातात आणि फोटो काढतात. इथे ते आग्रहाने फुकट वाढतात, आणि नाही म्हटलं तर चिडतात.

प्रज्ञाने काही खाल्लं नाही. दोन्ही बाजूंना माणसं, समोर माणसं, वाढणारी माणसं. मी उठले, तिचं ताट उचललं आणि तिला म्हटलं, चल. पंगतीतून आम्ही दोघी उठून गेलो. मागे जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

घरामागे मिरचीचा सातरा आहे. सातरा म्हणजे मिरची पसरून देठ खुडायचं मोकळं आवार. लालभडक ढीग, त्याभोवती नाकातोंडाला ओढण्या बांधलेल्या बायका. त्यांनी प्रज्ञाकडे एकदा पाहिलं, सरकून जागा दिली आणि काम चालू ठेवलं. कोणी काही विचारलं नाही, कारण तोंडं बांधलेली होती. प्रज्ञाने तिथे बसून पूर्ण ताट संपवलं, मग ओढणी बांधून देठ खुडायला लागली. दुपारभर तिथेच होती. मी तिला इतकी खुशीत बरेच महिने पाहिली नव्हती, आणि मला तिथेच रडू आलं. ते मी मिरचीवर ढकललं.

मिरचीने खरं रडवलं ते मैत्रीला. ताईला शोधत आली, ढिगात हात घातला आणि तेच हात डोळ्यांना लावले. त्यानंतर जो आवाज झाला तो पार बसस्टॉपपर्यंत गेला असेल. बायकांनी तिला धरलं, डोळ्यांवर पाणी मारलं, हात दह्याने चोळले. मैत्री प्रत्येकीच्या कुशीत एकेकदा रडून आली. तिच्या दृष्टीने सहलीतला हा सगळ्यात चांगला भाग होता, असं ती अजून सांगते.

संध्याकाळी अंगणात शेकोटीपाशी मोठेभाऊंनी विषय काढला. मी पंगतीतून उठले म्हणून ते आधीच तापलेले होते. त्यांचं म्हणणं मी नीट सांगते, कारण ते वाईट माणूस नाहीत. आपले लोक रांगेत बसून शिकले म्हणून पुढे गेले. त्यांच्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली, पोरांना शिकवलं, पाच जण एका खोलीत एका कंदिलावर शिकले. कोणाला वेगळी खोली नव्हती, कोणाला दहा मिनिटं आधी काही सांगत नव्हते. तुझ्या पोराला जग काय आधी सांगून येणार आहे का? हे शेवटचं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, जग नाही सांगणार. म्हणून तर घरच्यांनी सांगावं.

विलास गोवरी उकरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, उद्या सरांना भेटून तर घेऊ. तेव्हा मला त्याचा इतका राग आला की मी उठून आत गेले. आत सम्यक बसला होता. उद्याचं काय, असं त्याने विचारलं. त्याला विलासने सकाळीच सांगितलं होतं की रविवारी साडेअकराच्या गाडीने आपण पाचही जण निघू. मी म्हटलं, बाबांनी सांगितलं तेच. तेव्हा तेच ठरलेलं होतं.

रविवार, साडेअकराची गाडी

सकाळी मोठेभाऊंनी जाहीर केलं की सर दुपारी येतील, जेवूनच संध्याकाळच्या गाडीने जा. मला नाही म्हणायचं होतं, पण भांडण करायचं तर सरांसमोरच करू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं ठरवून मी कंबर कसली.

आता आमच्या घरची चूक. आमच्याकडे नियम असा की जो बेत बदलेल तोच सम्यकला सांगेल. मी बदललं तर मी, विलासने बदललं तर विलास. वर्षानुवर्षं हे नीट चाललं. या वेळी बेत बदलला तिसऱ्याने. मला वाटलं, भावाने ठरवलं म्हणजे विलास सांगेल. विलासला वाटलं, रागात आहे म्हणजे हिने सांगून टाकलं असेल. सम्यकला कोणीच सांगितलं नाही.

पंगत बसायला लागली तेव्हा तो दिसेना. आधी मी हाक मारली, मग विलासने. घरात नाही, सातऱ्यावर नाही, शाळेपाशी नाही. कोणीतरी म्हणालं, कालव्याकडे कोणी पाहिलं का. गावाच्या कडेने मोठा कालवा जातो, त्यात पाणी होतं. मोठेभाऊंनी दोन पोरांना कालव्याकडे पळवलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. सासूबाई दारात मटकन बसल्या. मैत्री माझ्या कमरेला घट्ट धरून होती, आणि आश्चर्य म्हणजे रडत नव्हती.

प्रज्ञा नव्या घरात गेली आणि परत आली. सगळे ओरडत होते, त्या गलक्यात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्याची बॅग नाहीये. बूट पण नाही." मग मला समजत नाही असं पाहून म्हणाली, "आई, साडेअकराची गाडी आहे ना."

घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते. मी मैत्रीला उचललं, प्रज्ञाने पळायला सुरुवात केली. बसस्टॉप गावाबाहेर आहे, वडाच्या झाडाखाली. मी चाळिशीची बाई, अंगावर पांढरी साडी, कडेवर सहा वर्षांची घोडी. रस्त्यात एक चप्पल गेली ती गेलीच.

लांबून एसटी दिसली. उभी होती. दाराच्या खालच्या पायरीवर सम्यक दोन्ही हातांनी दांडे धरून उभा होता. आतून माणसं ओरडत होती. परवाचाच कंडक्टर त्याच्या मागे उभा राहून त्याला कधी दटावत होता, कधी विनवत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सम्यक कोणालाच जुमानत नव्हता. "आमचे लोक येऊन राहिले," एवढंच तो म्हणत होता, आणि बहुतेक बराच वेळ म्हणत असावा, कारण त्याचा आवाज बसला होता.

मला पाहून त्याने घड्याळ दाखवलं. "तुम्ही लेट आहात," तो म्हणाला. आत एका बाकावर त्याची बॅग होती, शेजारी पाण्याची बाटली, टोपी, पलीकडच्या बाकावर रुमाल आणि एक बूट. आमच्या सगळ्यांच्या जागा धरून ठेवल्या होत्या. एका पायात बूट, एक पाय मोज्यात, असा तो दारात उभा होता.

ज्या हट्टीपणासाठी त्याला सहा महिने कुठेतरी ठेवून सरळ करायचं होतं, त्या हट्टीपणाने गाडी धरून ठेवली होती. मी खाली उभी राहून दोन क्षण त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. मग ठरवलं.

तेवढ्यात मोटरसायकल आली. मोठेभाऊ चालवत होते, मागे विलास. मोठेभाऊंनी आधी सम्यकला डोळे भरून पाहिलं, तो धड आहे याची खात्री केली, आणि मग त्यांचा आवाज चढला. "पाह्यलं? पळून गेला. मी सांगून नव्हतो राहिलो?"

"तो पळून नाही गेला, मोठेभाऊ," मी म्हटलं. "ठरलं होतं तसा निघाला. तुम्हीआम्ही थांबलो."

"सर घरी येऊन राहिले. त्याईले काय सांगू मी?"

"सांगा, पोरगा वेळेवर निघून गेला."

मी मैत्रीला वर चढवलं. प्रज्ञा आधीच खिडकीशी बसली होती. मी चढले. सामान घरात, जेवण ताटात, एक चप्पल रस्त्यात. सासरहून न जेवता, पाया न पडता निघायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी सीटवर बसले.

सम्यक मात्र दारातून हटला नाही. कंडक्टर म्हणाला, आता तरी सोड रे बापा. सम्यक म्हणाला, अजून एक राहिलेत.

विलास मोटरसायकलला टेकून उभा होता. एका बाजूला भाऊ, दुसरीकडे दारात अडून बसलेला पोरगा. मी त्याला हाक मारली नाही. मारायची नाही असं ठरवलं होतं. तिघांचं तीन तऱ्हेने पाहताना याची चौथी तऱ्हा मी सांभाळणार नव्हते.

कंडक्टरने तिकिटाचं मशीन हातात घेतलं. "अर्धे किती?"

"चार," मी म्हटलं.

"अन् पूर्ण?"

गाडीतली सगळी माणसं विलासकडे पाहू लागली. त्यांना आमचं काही माहीत नव्हतं, पण त्यांना घरी जायचं होतं.

विलासने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी हळू बोलला आणि रस्ता ओलांडून आला. सम्यकने बाजूला होऊन त्याला जागा दिली. "एक पूर्ण," विलास म्हणाला.

गाडी निघाली. सम्यकने बूट घातला. विलासने त्याच्या शेजारी बसून सांगितलं की बेत बदलला होता, आणि ते त्याला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. पुढेही शाळा कुठे, राहायचं कुठे, हे त्याला विचारल्याशिवाय ठरणार नाही, असंही सांगितलं. सम्यक म्हणाला, बरं. कुही यायच्या आधी समोरून एक पांढरी गाडी आली आणि गावाच्या रस्त्याला वळली. ते सर असावेत. मैत्रीने खिडकीतून टाटा केला.

मनीषनगर

आमच्या पिशव्या दोन दिवसांनी त्याच एसटीने आल्या. वर सासूबाईंनी कापडात बांधलेले रोडगे होते, आणि जाड कागदात माझी चप्पल. सोबत निरोप काही नव्हता. मोठेभाऊ माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी पंगत मोडली, पाहुण्याचा अपमान केला, नवऱ्याला भावाच्या दारातून उठवून नेलं, असं नात्यात सांगितलं जातं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नवऱ्याला मी उठवलं नाही, तो स्वतः उठला, एवढी दुरुस्ती करते.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, विलासशीही नाही. "सम्यकले दे," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मुलांच्या नव्या चुलतभावाचं बारसं आहे. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"ऐक, मी आधी सांगून ठेवून राहिली तुले," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी येजो. रविवारी साडेअकराची गाडी. कोणी थांबोलं तरी मी स्वतः आणून बसवीन. चालते ना?"

सम्यकने थोडा विचार केला. मग म्हणाला, "हाव आजी. पण मोठ्या बाबांना पण आधी सांगून ठेव. त्यांना एकदम काही बदललं की खूप राग येतो."

फोन तिकडेही स्पीकरवर होता, आणि आजीच्या शेजारी कोण बसलं होतं, ते आम्हाला खाकरण्यावरून कळलं.